डावा मडफ्लॅप

३ नोव्हेंबर, सोमवार
डंपरच्या चाकामागचा उजवा मडफ्लॅप पुन्हा गेला. धम्मचक्र दिनापासून चौथा. ड्रायव्हर दयाराम म्हणतो, रबर आहे भाभी, फाटणारच. मला ही वृत्तीच पटत नाही.
डावा शाबूत आहे. तो यांनी स्वतः रंगवलेला, पांढऱ्या ऑइलपेंटने: 'सावकाश या'. जागेचा अंदाज चुकला म्हणून 'या' कोपऱ्यात कोंबला आहे. मागून येणाऱ्या इथल्या हिंदी लोकांना अर्थ लागत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं नाही. यांना जाऊन दोन वर्षं झाली. डंपर ट्रेलर मी विकला नाही. मीच चालवते. म्हणजे दयाराम चालवतो.
डावा फाटता कामा नये. यात भावनेचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे.
संकल्प: महिन्याच्या आत मडफ्लॅप फाटणं कायमचं बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपार
अभ्यास सुरू. सातवीनंतर जे शिकले ते स्वतः वाचून. डाळीच्या पुडीचा कागदही सोडला नाही. मोबाइलवर ट्रेलरचं मॅन्युअल सापडलं. इंग्रजी, अठ्ठावन्न पानं. डिक्शनरी घेऊन सहा पानं झाली. कारण कळलं. माल खाली करायला गाडी रिव्हर्स घेतात, फ्लॅप ढिगाऱ्यात दबतो, त्यावर चाक चढतं आणि तो उपटून निघतो.
दयारामला समजावून सांगितलं. त्याला माहीत होतं. मग इतके दिवस बोलला काहून नाही, असं विचारलं. म्हणाला, आपने पूछा नहीं.

८ नोव्हेंबर, शनिवार
उपाय: जाड रबर. भंगारवाल्याकडून कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणला. उचलायला दोन माणसं लागली. उजवीकडे लावला. डाव्याला कोणाला हात लावू दिला नाही. प्रयोग एका बाजूनेच करायचा असतो. उरला भागातला वेल्डर शेखर म्हणाला, दीदी, गाडी फट जाएगी, ये नहीं फटेगा. जाणकार माणूस. मनापासून कौतुक केलं त्याने.

१० नोव्हेंबर, सोमवार
फ्लॅप खरंच फाटला नाही. त्याला धरणारं ब्रॅकेटच उपटून आलं, सोबत मागचा लाइटही.
तरी सिद्धांत बरोबर होता. रबराची काही चूक नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी आठ. नवा उपाय: आखूड फ्लॅप. उजवीकडचा नवा फ्लॅप खालून वीतभर कापला. ढिगाऱ्याला टेकणारच नाही. साधी गोष्ट, पण सुचायला वाचन लागतं.
संध्याकाळी सहा. माल जातो त्या कारखान्याच्या गेटवरून गाडी परत पाठवली. एवढा आखूड चालत नाही, मागच्यांवर खडे उडतात, म्हणे. दिवस फुकट. कापलेला तुकडा दयारामने मागून घेतला, चपलेला तळ लावायला. त्याचा प्रयोग यशस्वी झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लेक संपदा आली. पोट्टी शहरात तेलीबांध्याला ऑफिसात आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून असंच. तिला नवी योजना कागदावर काढून दाखवली: साखळी आणि हुक. रिव्हर्सच्या आधी फ्लॅप वर अडकवायचा, माल पडला की सोडायचा. आधी उजवीकडे, जमलं की डावीकडे. ती म्हणाली, बाएँ वाले का फोटो खींच के रख लो मम्मी, और उसे उतरवा लो.
मी म्हटलं, फोटोने चिखल अडत नाही.
ती उठून भांडी घासायला लागली. मी नको म्हटलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
साखळी बसवली. हुक उत्तम. दयाराम सोडायला विसरला. उजवा फ्लॅप वर टांगलेला, तसाच बीरगांवपर्यंत आला. स्कूटीवरच्या एका बाईने गाडी आडवी घालून त्याला पंधरा मिनिटं झापलं. मला फोन करून म्हणाला, भाभी, आपसे भी तेज थी.
डावा मात्र शाबूत. दोन वर्षं त्या ढिगाऱ्यांवर, एक ओरखडा नाही. माझ्या देखरेखीचा परिणाम होतोच. उजवीकडे दयारामचं लक्ष नसतं, एवढाच दोष राहिला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मॅन्युअल, पान एकतीस. रिव्हर्स घेताना मागे एका जबाबदार माणसाने उभं राहून इशारे द्यावेत. ड्रायव्हरने सीट सोडू नये.
जबाबदार माणूस म्हणजे कोण, हे वेगळं लिहायची गरज नाही. शिट्टी आणली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी सात. आज स्वतः साइटवर. साडीवर यांचं जॅकेट घातलं, धूळ फार असते म्हणून.
दुपारी दोन. डावा गेला. उजवा शाबूत आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
काल पुढे लिहिता आलं नाही. पेन चालत नव्हतं.
झालं ते असं. गाडी ढिगाऱ्यापाशी लागली आणि दयाराम दार उघडून उतरायला लागला. मी शिट्टी मारून त्याला वर बसवलं. परत उतरायला लागला, डावीकडे हात दाखवत काही बोलत होता. मी पान एकतीस सांगितलं. बसला. मी आने दो, आने दो करत राहिले. उजव्या चाकाकडे बघत होते, कारण फाटतो तो उजवा. डावीकडून आवाज आला तेव्हाही मी हात हलवतच होते.
तो उतरला. फाटलेला फ्लॅप चाकाखालून ओढून काढला, बाह्यांनी पुसला. खिशातून एक तार काढली, वाकून वाकून तिला पीळ पडलेला. म्हणाला, "मैं हर खेप में उतर के इसको ऊपर बांध देता था, भाभी. आज आपने उतरने नहीं दिया."
मी विचारलं, उजवा का नाही बांधत मग?
"वो तो बाजार में मिल जाता है."
परत येताना फ्लॅप माझ्या मांडीवर होता. जड असतो. जॅकेटला काळं लागलं.
मॅन्युअलमध्ये तारेचं कुठेच नाही. आज उरलेली पानंही बघितली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी सहा
दयाराम आला. किल्ली मागितली, दिली. दोन्ही बाजूंना साधे फ्लॅप लावतो म्हणाला, बरं म्हटलं. साइटवर येता का, असं त्याने विचारलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.
मी चपला घालून बसले होते, त्या काढल्या.