चार रविवारचे चार कागद

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, माझं डोकं सोडून. आपल्या बांडी गाईच्या मागच्या पायाच्या जखमेवर प्लास्टिकचा कागद धरून दर रविवारी तिची कड गिरवायची आणि मला पाठवायची, एवढंच मागितलं होतं. आज चारही कागद शेजारी शेजारी ठेवले. चारहींवर कड त्याच वळणाची, फक्त प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर लहान. जखम अशी आटत नसते, दादा. एका बाजूने भरते, दुसरीकडे अडून बसते. हे तू टेबलाशी बसून काढलंस. गुरांच्या दवाखान्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांना कौतुकाने दाखवायला गेले आणि तोंडघशी पडले. खरं काय ते उलटटपाली कळव. वहिनीला नमस्कार.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

९ मार्च

चि. डॉक्टरीणबाईस,
अ. आ.

हो, मीच काढले. पहिला तेवढा खरा. दुसऱ्या रविवारी काळी पडलेली कातडी गळाली आणि जखम दुप्पट झाली. तूच जाताना म्हणाली होतीस, जखम वाढली तर गाय ठेवण्यात अर्थ नाही. मग माझ्याच हाताने तिच्या मरणाचा कागद लिहून पाठवू? नऊ वर्षं धार काढतोय तिची. तू एक वाक्य बोलून गाडीत बसलीस, तिच्यासमोर रोज उभं राहावं लागतं ते मला. तू लिहिलंस म्हणून औषध बंद केलं, आता पू येतोय, घाण वास मारतोय, कालपासून पाय टेकत नाही. तुझी वहिनी कळव कळव म्हणून मागे लागली होती. कळवलं. आता घे तोंडसुख.

आशीर्वाद आहेतच.
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. मेलेली कातडी गळली की जखम आधी मोठीच दिसते. खाली लाल, ओलसर मांस असलं तर ते बरं होण्याचं लक्षण. हे मी जाताना सांगायला हवं होतं. घाईत अर्धंच बोलले, त्याचा मला स्वतःचाच संताप येतोय. पण तू विचारायचंस तरी. तुझा तिसरा कागद बघून मी लिहिलं, छान भरतंय, आता औषध बंद कर. आजवर माझं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं तेवढं ऐकलंस.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. तोवर जखमेला हात लावू नकोस, तिला कोरड्यात बांध. बरं करायचं आणि कायमचं निजवायचं, अशी दोन्ही औषधं आणतेय. कुठलं द्यायचं ते पाय बघून ठरवेन. निजवायचंच झालं, तर तिचं डोकं तू धरायचंस.

लोभ आहे, या वेळी ‘लोभ असावा’ लिहून तो मागू नकोस.
धाकटी