देशमुखांच्या लग्नाचं पाणी

१४ मार्च २००४, रविवार
नळ आजही न्हाई. वॉलमनला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, तलावात गाळ उरलाय, चावी फिरवून काय गाळ सोडू?" खरंय त्याचं. पण असं तोंड वर करून सांगतो की राग त्याचाच येतो.
गल्लीतले सगळे बोअर संक्रांतीपासून एकेक करून बसले. आपला तेवढा चालू. बाजारातून आले तर फाटकाबाहेर हंडे, कळशा, तेलाचे डबे, नुसती रांग. आणि हे बनियनवर उभे, हातात हिरवी नळी, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज! घरात एक बादली उचला म्हटलं की यांची कंबर धरते.
समोरच्या देशमुखकाकू स्वतः आल्या. (हात दुखतो, इथून पुढं दे.का.) "मॅडम, वापरायला न्यू का दोन हंडे?"
वापरायला. पिण्याचं त्यांचा मुलगा मळ्यातल्या विहिरीवरून गाडीवर आणतो. न्या म्हटलं. वापरायला तर वापरायला.

२१ मार्च, पाडवा
केदारखेड्याहून आईचा फोन. सांगितलं, देशमुखीणबाई आपल्या दारात घागर घेऊन उभ्या असतात. आई इतकी हसली की ठसकाच लागला. मंग म्हणाली, "आमी आडाच्या खाली उभं राहायचो. वरून कुणाला दया आली तर ओतायचे. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. आता नळी तुझ्या हातात हाय तर उतू नको, मातू नको पोरी. सगळ्यायला दे."
देतेच आहे की. पण हे देतात ते वेगळं. परवा गल्लीच्या मीटिंगला यांना पहिली खुर्ची मिळाली. घरी आल्यावर तीनदा सांगितलं.

११ एप्रिल
दे.का.च्या मळ्यातली विहीरही गेली. दुपारी आल्या त्या फाटकाशी न थांबता थेट आत, सोफ्यावर बसल्या. मी सवयीनं विचारलं, पाणी घेता का. आणि त्या म्हणाल्या, "घेते की, आणा."
प्यायल्या. तांब्याला तोंड न लावता वरून, पण प्यायल्या. घर बांधून इतकी वर्षं झाली, या बाईनं आमच्याकडं चहासुद्धा घेतला न्हाई. दरवेळी उपास. कोणत्या देवाचे एवढे उपास असतात कोण जाणे.
काम असं: त्यांच्या मंजूचं लग्न १६ मेला. कार्यालयवाला म्हणतो पाणी तुमचं तुम्ही आणा. म्हणून दारातच मांडव. "तुमच्या बोअरच्या भरवशावर घालू राह्यलो मॅडम. सैपाकपाणी, पंगत, सगळं तुमच्यावर."
मी तोंड उघडायच्या आत आतून यांचा आवाज, "बिनधास्त घाला काकू! बिलकुल काळजी करू नका!"
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. भांडं घासताना रडू आलं. मंग त्या रडण्याचाच राग आला. घसा कोरडा पडल्यावर यांचा विटाळ फिटला, त्यात आपण काय हुरळायचं?

२२ एप्रिल, आखिती
दे.का.नी अक्षय्य तृतीयेची पितरांची मातीची केळी आमच्या पाण्यानं भरली. म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना आज आमच्या बोअरचं पाणी पोचलं. हेच सासरे आम्हाला हा प्लॉट मिळू नये म्हणून दारोदार फिरले होते. वर बसून पीत असतील का, का थुंकले असतील? यांना म्हटलं तर खो खो हसले.
संध्याकाळी नळी खोकली. पाणी, मंग हवा, मंग लाल माती. रांगेतल्या बायांना हे म्हणाले, लाईटचा प्रॉब्लेम आहे, उद्या या.
लाईट तर चांगली होती. पंखा फिरत होता.

२४ एप्रिल
आज दोघांनी दार लावून बोअरचं झाकण काढलं. यांनी खडा सोडला. मी कान लावला. कितीतरी वेळ काहीच न्हाई, आणि मंग टक्क. कोरडा.
म्हटलं, आजच सांगून टाकू. लग्नाला वेळ आहे, बघतील ते काहीतरी.
हे म्हणाले, "कोण खरं मानेल? आखितीपर्यंत चालू होता आणि मांडव ठरला की आटला? म्हणतील जिरवली. म्हणतील, बरोबर डाव साधला यांनी. इतक्या वर्षाचं उट्टं काढलं म्हणतील."
मी भांडायला सज्जच होते. पण दुसऱ्या कुणाचा आटला तर आटला. आपला आटला तर बंद केला. हे मला पण ठाऊक आहे.
यांचा शाळेतला दोस्त सलीमभाई, जाफराबादचा, त्याचा टँकर आहे. त्याला फोन केला.

२७ एप्रिल
इतके दिवस रांगेला लाईटचंच कारण सांगितलं. टँकर भरदुपारी आला, मागच्या बोळातून. झळांमुळं सगळ्यांची दारं बंद, गल्ली मेल्यागत पडलेली. घराखालचा हौद भरला. संध्याकाळी हौदातली छोटी मोटर लावली आणि तीच हिरवी नळी फाटकाबाहेर. कुणाला काही कळलं न्हाई.
"मॅडम, आज पाण्याला चव जरा येगळी लागती," दे.का. म्हणाल्या. मी म्हटलं, खालचा झरा लागला असंल. हे जिभेवर कुठून आलं, देव जाणे. आमचा देवावर विश्वास पण न्हाई.

२ मे
सकाळी बघते तर बोअरच्या पाइपाला कुणीतरी हळदीकुंकू वाहिलेलं, वर एक जास्वंद. मेलेल्या बोअरची पूजा! पुसायला फडकं घेतलं, पण हात पुढं जाईना.
आता पलीकडच्या गल्लीतल्या पण बाया येतात. आज झटापट झाली, एकीची कळशी चेपली. दे.का. पदर खोचून मध्ये पडल्या. "चला, हटा! आमच्या मॅडमचा बोअर हाय हा!"
आमच्या मॅडमचा. हे मागं उभे राहून ऐकत होते. मी यांच्याकडं बघितलं, यांनी नजर चुकवली.

७ मे
नाक्यापलीकडं लोकांनी टँकर अडवला. काच फोडली, ड्रायव्हरला खाली ओढून मारलं, आणि पाणी? अर्धं रस्त्यावर सांडलं. पाण्याच्या टाकीवर पोलीस बसवलेत. माझ्या शाळेतल्या एक बाई सांगत होत्या, त्यांच्याकडं लोक हौदाला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधून झोपतात.
सलीमभाई आला, पण खाली उतरायला तयार न्हाई. "भाभी, लोगां टायर के पीछे पीछे आ रै. और जिस बावडी से भरता मैं, उसका भी तळ दिख रा. शादी तक का वादा नक्को मंगो मेरे से."
हे म्हणाले, होईल व्यवस्था. कशी होईल? विचारलं तर माझ्यावरच खेकसले.

९ मे
टँकर गळका आहे. बोळात ओल पडते आणि त्या ओलीवर मधमाश्या बसतात, काळ्याभोर. कुत्री माती चाटतात. लपवायचं म्हटलं तरी पाणी लपत न्हाई.
दूधवाल्याच्या बायकोनं विचारलंच, "मागं कशाची वल हाय मॅडम?"
"कुलरची," मी म्हटलं.
आमच्याकडं कुलर न्हाई. हे तिला ठाऊक आहे. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मास्तरीण असून खोटं पण धड बोलता येईना मला!

१२ मे
रांगेत कुजबुज चालते, मी गेले की बंद होते. आज एकीचं कानावर पडलंच. "आत साठा करून ठेवलाय. बाहेर इकत असतील." समोर मांडवाचे बांबू उभे राहिले. मंजू नळीखाली कळशी धरून होती, मला बघून लाजून हसली. पोरीचा काय दोष यात. जेवण गेलं न्हाई.
यांना म्हटलं, सांगा. म्हणाले, चार दिवस काढू कसेतरी. एकदा लग्न पार पडलं की बोअर आटला म्हणून सांगू, मंग कुणाला काय वाटायचं ते वाटो. खुर्ची सोडवत न्हाई माणसाला, दुसरं काय.

१४ मे
सलीमभाईचा फोन. विहीर बंद. मालकानं माणसं बसवलीत. आता येणार न्हाई, माफ करो बोला.
हौदात डोकावले. तळाला थोडं, त्यात पाली.
हे ऑफिसातून यायचे होते. तेवढ्यात दे.का. ताट घेऊन आल्या, सुपारी, अक्षता, खण. चेहरा नुसता फुललेला. "मॅडम, हळदीचं पाणी आडावरून वाजतगाजत आणायचं असतंय. आमचा आड तर बुजला. ह्यांना म्हटलं, मॅडमच्या बोअरवरूनच आणायचं. उद्या चार वाजता. पाच सवाष्णीत तुमी पण."
मी पण. पाचात.
याच्यासाठी आईनं किती वर्षं खाली उभं राहून काढली असतील. आणि मला तेव्हाच कळलं, आता जर गप्प बसले तर उद्या वाजंत्र्यासमोर ही बाई कोरड्या नळीखाली कलश धरून उभी राहील.
म्हटलं, "काकू, बोअर आटलाय."
हसल्या. "काय थट्टा करता मॅडम!"
हाताला धरून मागं नेलं. झाकण काढलं, खडा सोडला. ऐका म्हटलं. त्यांनी ऐकलं. मंग पाइपावरच्या वाळक्या फुलाकडं बघत राहिल्या.
"कवापासून?"
"आखितीपासून."
"मंग आमी इतके दिवस पिलो ते कुणाचं पाणी?"
"टँकरचं. आम्ही आणवलं."
"सांगितलं का न्हाई?"
"सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं तुम्हाला?"
त्यांनी माझ्याकडं बघितलं, नीट, डोळ्यात. आणि तशाच निघाल्या. चप्पल पण उलटसुलट घातली.
ताट इथंच राहिलं, ओट्यावर. विसरल्या का ठेवून गेल्या?
हे आले. सांगितलं. एवढंच म्हणाले, "घालवलंस सगळं." काय होतं आपलं, जे घालवलं? असं मी म्हणणार होते. त्यांचा चेहरा बघून न्हाई म्हटलं.

१५ मे, शनिवार
सकाळी फाटकाबाहेर एक पण हंडा न्हाई. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. हवा होता ना निवांतपणा, घे आता.
दूधवाला समोरच्या घरी थांबला, आमच्याकडं न वळता पुढं गेला. कोपऱ्यावर चार-पाच गडी उभे, आमच्या घराकडं बघून बोलतात. त्यातले दोघं सकाळीच मागच्या बोळात जाऊन हौदाचं झाकण बघून आलेले मी पाहिले. दे.का.चा मुलगा जीप घेऊन भोकरदनकडं गेला, मागं रिकामे पिंप खडखडत होते. काल सांगितलं म्हणून पाणी शोधायला तेवढी एक रात्र तरी त्यांच्या हाती लागली.
यांनी फाटकाला कुलूप लावलं. "माहौल बरा न्हाई," म्हणाले. मी काढलं. यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा काढलं आणि किल्ली पोलक्यात खोचली. आता हे बसलेत आतल्या खोलीत.
हौद खरवडला. एक कळशी निघाली. पातळाच्या फडक्यातून तीनदा गाळली. उंबऱ्याजवळ स्टुलावर ठेवली, शेजारी ते ताट. हिरवी साडी नेसले. आरशात बघितलं तर वेडीच वाटले स्वतःला. कुणी न्हाई आलं तर ही साडी कुणाला दाखवायची?
चार वाजून गेलेत. वाजा सुरू झालाय. पायरीवर बसून लिहिते आहे. बाया दिसतात, पुढं दे.का., डोक्यावर कलश. कोपऱ्यावरचे गडी पण त्यांच्याबरोबर निघालेत, ते कशाला? डावीकडं वळले तर मारुतीचं देऊळ, कलश तिथंच पुजतील. सरळ आले तर आम्ही.
वाजा थांबला. दे.का. मागं वळून त्या गड्यांना काहीतरी सांगताहेत, हात वर करून. इथून ऐकू येत न्हाई, पण गडी जागीच थांबलेत.
फाटक उघडंच आहे.