चाळीस स्फटिक आणि कुंकवाचा एक कण

पनवेल,
१५ ऑक्टोबर २०११

तीर्थस्वरूप गुणाआत्या,

किशोरीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? टोपली घेऊन करंजाच्या बंदरावर उभी राहू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू ऐकलेलं नाहीस, हे मला इथे बसून कळतं. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. डोकं फिरलंय.

आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक असतात, मिठाच्या खड्यासारखे, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. एकेक नायलॉनच्या इवल्या फासात पकडून क्ष-किरणांच्या बरोबर समोर आणायचा. आजवर हे आमचे तंत्रज्ञ कृष्णकांतराव पडद्यात डोळे घालून करायचे. मी दोन वर्षं खपून प्रोग्रॅम लिहिला. कॅमेऱ्याच्या चित्रातून संगणकानेच स्फटिक ओळखायचा आणि पडद्यावरच्या फुलीखाली आणायचा. ("मॅडम, मशीनला नजर नसते," असं कृष्णकांतराव म्हणाले होते. मी हसले होते.) येत्या शुक्रवारी समिती येतेय. प्रोग्रॅम चालला तर नोकरी आणखी तीन वर्षं, नाहीतर मी घरी.

दसरा झाला आणि प्रोग्रॅम असा चालायला लागला की विचारू नकोस. चाळीसपैकी चाळीस मध्यावर! साहेबांनी पेढे वाटले. मग निकाल आले. चाळीसही वेळा किरण नुसत्या हवेतून गेले होते. स्फटिक माझ्या सहकारी अरुंधतीचे, आठ महिने जपून वाढवलेले. तेवढ्या वेळात फासात उघडे राहून सगळे वाळून गेले. (ती माझ्याशी बोलत नाही. डबाही वेगळा खाते.) काल तिनेच फास काढून घेतला, तरी रिकाम्या जागेकडे बघून संगणक विचारतो, 'स्फटिक मध्यावर आहे. सुरू करू?' कॅमेरा उघडला तर काचेवर, फुलीच्या नेमक्या जागी, कुंकवाचा कण! संगणक त्यालाच स्फटिक समजत होता. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली होती ना! विज्ञानाच्या जागेत हा अडाणीपणा? यंत्राला झेंडूची माळ कृष्णकांतरावांनी घातली होती, म्हणून सगळ्यांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते मान खाली घालून काच पुसत राहिले. माझा संताप अजून उतरलेला नाही.

तुझी,
किशोरी

ता. क. कृष्णकांतरावांनी फक्त माळ घातली होती. कुंकू तू पुडीतून पाठवलेलं, एकवीरा आईचं. "आमी होडीला लावताव, तू मशीनला लाव," म्हणालीस, म्हणून कुणी नाही असं बघून मीच बोट टेकवलं. कुणी नव्हतं असं मला वाटलं होतं. दारात कृष्णकांतराव होते.

आणखी एक. सोमवारी सगळ्यांसमोरच त्यांची माफी मागणार आहे. रिकाम्या हाताने जाववत नाही, तर हे पत्र आणणाऱ्याच्या हातीच थोडे सुके बोंबील पाठव, त्यांना आवडतात. आणि कुंकवाची एक पुडीसुद्धा. शुक्रवार जवळ आलाय. कुठे लावायचं ते या वेळी त्यांनाच विचारीन.