घर मिळालंच आहे असं समजून

९ मार्च
ही वही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडायची होती. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा वही भाऊजींच्या डुगडुगत्या स्टुलाखाली टेकू म्हणून होती. आज काढून घेतली. स्टूल परत डुगडुगतंय, पण ते भाऊजी बघतील.

काल चर्चमध्ये पाळकांनी अब्राहामाशी देवानं केलेल्या कराराबद्दल सांगितलं. निम्मा वेळ मी पंख्याकडे बघत होतो (एक पातं वाकडं आहे), पण मुद्दा कळला. अब्राहाम निघाला तेव्हा कुठे जायचंय हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही कधीच नसतं. आत्तापर्यंत कुरिअर, गाड्या धुणं, सलून, सगळं सोडून निघालोय. इतकं साम्य उगाच नसतं. त्याला अख्खा देश मिळाला. मला दोन खोल्या चालतील.

१० मार्च
सध्या मुक्काम ताईकडे. म्हणजे खाली, भाऊजींच्या सोफा-दुरुस्तीच्या वर्कशॉपमधल्या कोपऱ्यात. दुरुस्तीला आलेल्या सोफ्यावर झोपतो. गिऱ्हाईक सोफा घेऊन गेलं की जमिनीवर.
भाऊजी म्हणाले, मेव्हणेबुवा, रोज जुने खिळे उपटा, कापड सोलून काढा, काम शिका, कोपरा तुमचाच. जमत नसेल तर महिनाअखेर कोपरा मोकळा करा, मला कारागीर ठेवायचाय. मी हो म्हटलं. थोडे खिळे काढले. मग सोफ्याच्या पोटात कुणाचा तरी कंगवा सापडला. कुणाचा असेल, यावर विचार करता करता संध्याकाळ झाली.

११ मार्च, सकाळी
घर दिसलं! चर्चमागच्या गल्लीत. हिरवं दार, वर पाटी: भाड्याने देणे आहे. जिथे पाऊल पडेल ती जागा तुमची, असं वचन आहे. यरीहोभोवती लोकांनी सात दिवस फेऱ्या घातल्या आणि भिंती पडल्या. मला भिंती नको पडायला, पण फेऱ्या घालणार.
अडचण: घराची मागची भिंत शेजारच्या घराला चिकटलेली. पूर्ण फेरी होतच नाही. अर्धी जाऊन तशीच परत आलो. देव बेरीज करून घेईल.
समोरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, काय रे, काय हुंगतोयस?

१३ मार्च
काल फेरी राहिली. वाटेत एक मोटार खड्ड्यातून काढत होते, तिथे माझी गरज होती. (सल्ल्यासाठी.)
आज घरमालक भेटले. निवृत्त कंपाउंडर. नोकरी काय, विचारलं. मी म्हटलं, आधी घर, नोकरी मागोमाग येईल. ते म्हणाले, आमच्यात उलटं असतं. विश्वासात कमी पडतात बिचारे.
खिळे: उद्यापासून.

१५ मार्च, रविवार
मोठा शोध! जे मागाल ते मिळालंच आहे असं समजा, म्हणजे मिळेल, असं लिहिलंय. म्हणजे 'मिळू दे, मिळू दे' करत बसणं हाच अविश्वास. आज चर्चमध्ये साक्षीच्या वेळी (देवानं आपल्याला काय दिलं ते सगळ्यांपुढे सांगायचं असतं) उभा राहिलो आणि सांगून टाकलं, देवानं मला घर दिलं! टाळ्या. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींनी डोळे पुसले.
पाळकांनी दाराशी हळूच विचारलं, कुठे मिळालं रे? मी म्हटलं, विश्वासानं मिळालं. ते म्हणाले, अब्राहामाला एका मुलासाठी पंचवीस वर्षं थांबावं लागलं, तेही तंबूत. त्या काळी सगळंच सावकाश चालायचं.
दुपारी आईला फोन. ती दुसऱ्या गावी एका घरी स्वयंपाकाला आहे, त्यांच्याच जिन्याखाली राहते. आई म्हणाली, भिंगरी (लहानपणापासून ती मला हेच म्हणते), खरं सांग. मी शपथ घ्यायला लागलो तर म्हणाली, शपथा नकोत, स्वयंपाकघराला खिडकी आहे का तेवढं सांग. आहे म्हटलं. खोटं नाही, मी बाहेरून पाहिली आहे.


१८ मार्च
घराची बातमी ऐकून भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा पाठ थोपटली. म्हणाले, मी तुला ओळखलं नव्हतं. आणि लगेच कारागीर आणला. माझा कोपरा गेला. तो सोफ्यावर झोपतो, मी वर ताईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली. इस्राएल लोकही अरण्यात हिंडलेच की.
ताई म्हणते, घर दाखव. रंगकाम चालू आहे, असं सांगितलं. कुठे ना कुठे चालूच असेल.

२१ मार्च
हिरव्या दाराच्या घरात माणसं राहायला आली. खिडकीत टॉवेल वाळतायत. गॅलरीतल्या बाई हसून म्हणाल्या, आता घाल फेऱ्या! मग आठवलं, देवानं अब्राहामाला देऊ केलेल्या कनान देशातही आधीपासून लोक राहतच होते.
तरीही निश्चय: सगळ्यांना खरं सांगणार. आधी आईला. आज फोन करायला गच्चीवर गेलो, पण खाली दोन माणसं कपाट जिन्यातून वर चढवत होती. अडकलं. फारच रंगलं ते.

२२ मार्च, रविवार
आज पाळकांना सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं तोच ते म्हणाले, तुझ्या साक्षीमुळे दोघंतिघं परत यायला लागले. मग कुठल्या तोंडानं सांगणार? मंडळीचं नुकसान नको. उद्या नक्की. सकाळी उठल्याउठल्या आईला फोन.

२३ मार्च
फोन लावला. उचलला नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं
ताई जिना चढत हाका मारतेय. आई आली आहे. खाली टॅक्सीत गादी, पेटी, कुकर. नोकरी सोडून आली. मालकिणीला सांगून आली म्हणे, लेकानं घर घेतलं, आता दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहणार नाही. जिन्याखाली दुसरी बाई राहायलासुद्धा आली.
कारागीर पेटी उतरवायला गेला, तर भाऊजी त्याला अडवतायत. इथे कशाला, म्हणतात, परस्पर नव्या घरीच जाऊ दे. आई गाडीतून उतरायलाही तयार नाही. सगळे वर बघतायत.
टॅक्सीवाला पत्ता विचारतोय.