गुलाल खाली पडला नाही

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी, ता. जुन्नर
दि. ९ जानेवारी २०२५

चि. अक्षदा हिस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, सोमाजी बहिरू हाडवळे, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा शेती, माजी पोलीस पाटील, मौजे राजुरी, तसेच अकरा वर्षे बैलगाडा शर्यतींचा पंच, लिहून कळवितो की तुझा फोन पोचला. फोनवर बोललेले पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही. सबब यापुढे सर्व मजकूर पत्राने कळवावा.

मला समजले ते असे. तुझी ती लाल स्पोर्ट्स कार, जिच्यात तिसरा माणूस बसत नाही, तिच्या इंजिनावर तुला सुपरचार्जर नावाचे यंत्र बसवायचे आहे. ते इंजिनात जादा हवा कोंबते व त्यामुळे जोर वाढतो. दिनांक २ मार्च रोजी नगरकडील एका खासगी धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत आहे. सरळ पळायचे, आणि वेळ सेकंदांत मोजायची. यात मला न समजण्यासारखे काही आढळले नाही. आपला बैलगाडे पळतात तो घाट चढाचा असतो, एवढाच फरक.

अशी बदललेली गाडी सरकारी रस्त्यावर चालविता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ती टेम्पोवर घालून आणावी व टेम्पोवरच न्यावी. कांदा साठवायची बराक रिकामी आहे, काम तेथे करावे. मिस्त्री जुन्नरचा जावेद असावा. त्याचे वडील नवाबभाई नालबंद यांनी आपल्या बैलांना तीस वर्षे नाल मारले. एकही बैल लंगडला नाही.

मात्र क्लच जुनाच ठेवणार असे तू म्हणालीस, ते मला मान्य नाही. सन १९८७ च्या यात्रेत मी पुढे नवी तेज जोडी जुंपली आणि दोर जुना ठेवला. बैल निशाणापर्यंत पोचले. गाडा पोचला नाही. पंचांनी वेळ लावली नाही, आणि ते योग्यच होते. जोर वाढविणाराने जोर जेथून पुढे जातो ती जागा आधी पाहावी.

जेवणखाण वेळेवर करावे व म्हाताऱ्यावर आहे तेवढी माया राखावी.

तुझा आजोबा,
सोमाजी बहिरू हाडवळे

*

चाकण
२० जानेवारी २०२५

ती. आबांस अक्षदाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले. मग जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन हिशेब मांडला, आणि हसू गेले. सुपरचार्जर लावल्यावर जो जोर येईल तो जुना क्लच धरूच शकत नाही. इंजिन ओरडेल आणि चाके आरामात फिरतील. तुमचे १९८७ चे बैल बरोबर होते, आबा. जास्त दाबाचा नवा क्लच मागवला आहे. ऑफिसात मी एवढेच सांगितले की एका जुन्या सल्लागारांनी चूक दाखवली. त्यांचे शिक्षण कोणी विचारले नाही.

जावेद बराकीत काम करायला तयार आहे. त्याच्यासाठी ही साधी गाडी नाही. पुण्यात शर्यतीच्या गाड्या बांधणारे एक वर्कशॉप आहे. त्याचे मालक २ मार्चला धावपट्टीवर येणार आहेत. गाडी नीट पळाली तर ते जावेदला कामावर घेणार, असे त्यांनी माझ्या शब्दावर कबूल केले आहे. जुन्नरला मोटरसायकलींची पंक्चरे काढत त्याची दहा वर्षे गेली. ही एक संधी आहे.

मला बावीस फेब्रुवारीपर्यंत रजा नाही. तोवर एकच गोष्ट तुमच्यावर सोपवते. सुपरचार्जरच्या आतली दोन पाती एकमेकांना न लागता, केसाएवढ्या फटीने फिरतात. त्यात धूळ जाता कामा नये. जावेदला सांगितले आहे, पण राजुरीत त्याचे कोण ऐकणार? तुमचे ऐकतील.

रागावा पण लोभ कमी करू नका.

तुमची,
अक्षदा

*

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी
दि. १७ फेब्रुवारी २०२५

गं. भा. बयाबाई हिस वडील बंधू सोमाजीचा आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझी पिठाची गिरणी व तुझे गुडघे यांची खुशाली घोडेगावच्या मंडळींकडून कळते. तुझ्याकडून कळत नाही.

अक्षदाच्या गाडीचे काम पूर्ण झाले. धुळीचा बंदोबस्त माझ्याकडे होता व तो चोख झाला. बराकीच्या दाराला ओली पोती बांधली. कोंबड्या कोंडल्या. अंगण झाडण्यास मनाई केली. शेजारच्या सोपानची सून हरभरा पाखडावयास बसली होती, तिला सुपासह चांगदेवाच्या खळ्यावर पाठविले. ती अद्याप माझ्याशी बोलत नाही.

जावेदने प्रथम क्लच बसविला. मी स्वतः पाय देऊन पाहिला. पेडल इतके जड आहे की माझा गुडघा दोन दिवस दुखला. समाधान वाटले.

काल रविवारी यंत्र बसवून इंजिन प्रथमच सुरू केले. हवा गाळण्याची जाळी पुण्याहून यायची होती, म्हणून नळीचे तोंड उघडे होते. पाच मिनिटे चालवून बंद करायचे, असे जावेद म्हणाला. तेवढ्यात टेम्पोवाला आल्याने तो बाहेर गेला. गाडा घरातून प्रथम निघताना जे करावयाचे ते केल्याविना ही गाडी घाटात कशी जावी? मी नारळ फोडला, कुंकू लावले व उघड्या बॉनेटवर मूठभर गुलाल उधळला.

बया, तुला कळवावी अशी गोष्ट ही की गुलाल खाली पडला नाही. हवेतल्या हवेत नाहीसा झाला. जमिनीवर पाहिले, एक कण दिसला नाही. असा शकुन मी पन्नास वर्षांत पाहिलेला नाही. अक्षदाला हे शर्यत जिंकल्यावरच सांगावे, असे ठरविले आहे. तूही सांगू नयेस.

भावावर मर्जी असू द्यावी.

सोमाजी बहिरू हाडवळे

*

चाकण
२५ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस शि. सा. नमस्कार.

वाईट बातमी आहे. फोनवर सांगितली तर तुम्ही मानणार नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी धावपट्टीवर चाचणी घेतली. दोनदा गाडी अशी सुटली की मान मागे आपटली. तिसऱ्या वेळी सुपरचार्जर किंचाळला, पट्टा जळाला आणि सगळा जोर गेला. जावेदने तो जुन्नरला नेऊन उघडला. काल त्याचा फोन आला. पाती घासून खराब झाली आहेत. नळीचा सांधा त्याच्याकडून सैल राहिला आणि आत धूळ गेली, असे तो म्हणाला. तीन वेळा विचारले. तीन वेळा हेच.

तुम्ही कोंबड्या कोंडल्यात आणि त्याने सांधा सैल ठेवला. नवे यंत्र यायला दोन महिने लागतील. २ मार्चची शर्यत गेली. मी वर्षभर या एका दिवसाची वाट पाहिली होती, ते असो. पण ज्याने सांधा तपासला नाही त्याची हमी मी कशी देऊ? ८ मार्चला मी पुण्याच्या मालकांना भेटून माझा शब्द मागे घेणार आहे. जावेद यावर काही बोलला नाही. भांडला असता तर बरे वाटले असते.

क्लच मात्र तसूभर घसरला नाही.

लोभ आहेच, तो वाढत राहो.

अक्षदा

*

घोडेगाव, ता. आंबेगाव
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास बयाचा नमस्कार.

माजे गुडघे बरे हायेत. तुजं पत्र मिळालं. अक्षदाचा फोनबी आला, लई हिरमुसली व्हती पोर. तिला मी गुलालाचं काय बोलले न्हाई, तू नको म्हणलास म्हणून.

पन दादा, तू चौथी आन मी सातवी, म्हणून एक इचारते. चाळीस वर्सं गिरणी चालवली. पीठ उडतं ते कुटंतरी बसतंच. भिंतीवर बसतं, पट्ट्यावर बसतं, माज्या केसात बसतं. उडालं आन बसलंच न्हाई, असं पीठ मी अजून बघितलं न्हाई. तू म्हंतोस गुलाल खाली पडला न्हाई. मग गेला कुटं?

ते यंत्र हवा आत वढतं, हे तूच मला सांगितलंस. कोंबड्याची धूळ ती धूळ, आन गुलाल काय वेगळा?

नवाबभाईचा पोरगा सांदा सैल ठेवील व्हय? त्यांच्या घरात खिळाबी कधी सैल राहिला न्हाई. तुजा तूच जाऊन बघ. राग आला तर ये इकडं, भाकरी खाऊन भांड.

बहिणीला इसरू नको.

बया

*

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी, ता. जुन्नर
दि. ३ मार्च २०२५

चि. अक्षदा हिस आशीर्वाद.

हे पत्र नसून जबाब आहे. तो जपून ठेवावा.

काल मी एस.टी.ने जुन्नरला जावेदच्या गॅरेजवर गेलो व यंत्र दाखविण्यास सांगितले. ते धुऊन ठेवले आहे, पाहण्यासारखे काही नाही, असे तो म्हणाला. नवाबभाई दारात बसले होते. ते उठले व फळीमागून एक फडके आणून माझ्या हातात दिले. यंत्र पुसलेले ते फडके होते. त्यावर तेलात कालवलेला लाल लगदा होता. मी वास घेतला. गुलाल मला वासाने ओळखता येतो.

दिनांक १६ फेब्रुवारी रोजी इंजिन चालू असता, नळीचे तोंड उघडे असता व जावेद बाहेर गेला असता, मी स्वतःच्या हाताने मूठभर गुलाल उधळला. यंत्राने तो सर्व आत घेतला. मी त्यास शकुन समजलो. धुळीचा बंदोबस्त तू माझ्यावर सोपविला होतास. गुलाल हीसुद्धा धूळच आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. सांधा सैल नव्हता.

मी जावेदला विचारले की त्याने खोटे का सांगितले. त्याचे उत्तर जसेच्या तसे देतो: "आबा, मशीन पुन्यांदा येतंय. तुमी नातीपुढं खाली मान घातलेली मला बघवली नसती."

पोलीस पाटील असताना मी अनेकांचे कबुलीजबाब लिहिले. माझा स्वतःचा एकही नाही. हा पहिला आहे. चूक माझी आहे व ती मी मान्य करतो. जे दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन दहा वर्षांची संधी सोडते, त्या पोराची हमी तू देत नसशील तर मी देतो. परंतु पुण्याचे मालक मला ओळखत नाहीत, म्हणून तू दिलेली बरी. या जबाबाची एक प्रत त्यांना आज रजिस्टर पोस्टाने रवाना केली आहे. त्यात माझे नाव, वय व गाव पूर्ण लिहिले आहे. ते हसतील. त्यांना हसू द्यावे.

तुझी शर्यत माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येत नाही, आणि तिच्याबद्दल मी काही लिहू शकलेलो नाही. तीन वेळा लिहून खोडले. पाठीमागच्या बाजूस शाई दिसेल.

हा जबाब मी शुद्धीवर राहून, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिला. बयाबाई घोडेगावहून येऊन समोर बसली होती, परंतु ती काही बोलली नाही, याची मी नोंद घेतली आहे.

मनात ठेवून वागू नये, एवढेच मागणे.

सही: सोमाजी बहिरू हाडवळे

समक्ष साक्षीदार (राजुरी मुक्कामी):
गं. भा. बयाबाई, राहणार घोडेगाव. सही केली.
नवाब नालबंद, राहणार जुन्नर. सही केली.
जावेद नवाब नालबंद, राहणार जुन्नर. हजर होता. असे काही घडलेच नाही असे सांगून त्याने सही करण्यास नकार दिला.