खंडेनवमीचा चाकू

राजाजीनगर, बेंगळूरु
२४ सप्टेंबर २०२५

श्री. देवाप्पा यांस,

सप्रेम नमस्कार. आपण सुखरूप असाल अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे.

मल्लेश्वरमला अनुषाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तुम्ही तपासायला ठेवलेला घडीचा चाकू माझ्याकडे पोचला. सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न आहे : 'हा चाकू १९४५च्या आधीचा आहे का? हो की नाही, एवढंच कळवावे.' एवढंच कळवणं मला जमणार नाही. कारखान्याच्या तपासणी विभागात माझी सगळी नोकरी गेली. कसं तपासलं ते सांगितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही तिथली शिस्त. तेव्हा जरा धीर धरा.

लोक आधी मूठ बघतात आणि तिथेच फसतात. अशी काळी, चौकड्यांची मूठ महायुद्धाच्या काळात असायची, आणि नंतरही कित्येक वर्षं तशीच निघत राहिली. शिवाय मूठ बदलता येते. म्हणून मी पातं उघडून त्याच्या मुळाशी बघते. बनवणाऱ्याचा ठसा तिथे असतो. मग रिव्हेट, मग पाठीची स्प्रिंग. तुमच्या चाकूची रिव्हेट मूळचीच आहेत, कुणी खोलून जोडलेला नाही. म्हणजे मूठ आणि पातं एकाच वयाचं. पात्याचं टोक तुटलंय, डब्याचं झाकण उचकटताना तुटतं तसं. पातं एकाच बाजूने जास्त झिजलंय, म्हणजे धार लावणारा डावखुरा होता. कडीच्या जागी तांब्याची तार आहे. ती मूळची नाही.

ठशावर गंज होता. तेल लावून ठेवलं आणि सकाळी मऊ फडक्याने पुसलं. साल वाचता आलं. ते पुढे लिहिते.

आधी तारेचं सांगते. ती मी बांधलेली आहे, मोडक्या रेडिओतून काढून. टोक तू मोडलंस, गुळाचा डबा उघडताना, आणि आईला नाव माझं सांगितलंस. योगीराज, तुला किती अहो-जाहो करू? स्वतःला आप्पांचं नाव लावून दुकानात आलास, जीभ कशी रेटली रे तुझी?

अनुषा चाकू माझ्या हातात द्यायला लागली तेव्हा नेहमीसारखी मी ओरडले, "हातात नको देऊस, भांडण होतं. खाली ठेव." ती हसून म्हणाली, "सरी अक्का, खाली ठेवते." तिने काउंटरवर ठेवला आणि मला तार दिसली. मी तिथेच स्टुलावर बसले. कोण माणूस होता, विचारलं.

"पिकलेली दाढी, चष्मा. स्वल्प विचित्रच होते, अक्का. कोण तपासणार म्हणून विचारलं, मी म्हटलं महानंदा अक्का. तर चाकू परत खिशात घातला, दारापर्यंत गेले, आणि मग येऊन ठेवला."

म्हणजे चाकू कुणाकडे जाणार हे तुला माहीत होतं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्या खंडेनवमीबद्दल आपण कधी बोललोच नाही. बोलायला तू होतास कुठे? पाटावर आप्पांचा पाना, आईची विळी, आणि मधोमध हा चाकू. पाहुण्यांना आप्पा दरवर्षीसारखे सांगत होते, माझ्या वडिलांनी लढाईवरून आणलेला. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "लढाईवरचा नाही हा, बाजारातला आहे. किती वर्षं खोटं सांगणार?" आप्पांचा हात उठला. तू पूजेतला चाकू उचललास आणि चप्पलही न घालता निघून गेलास. मला तुझा राग आला होता. आजही येतो. बरोबर बोलायलाही वेळ-काळ असतो की नाही?

हो, बरोबर. ठशात साल १९६३ आहे. आजोबा ५९ साली गेले. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही.

हे लिहिण्याआधी दुसऱ्या कागदावर 'हो' लिहून पाहिलं. वाटलं, 'हो' वाचून तू माफी मागायला तरी येशील. 'नाही' वाचलंस तर जिंकल्यासारखा पुन्हा नाहीसा होशील. पण तपासून खोटं लिहायला हात वळेना, कागद फाडला.

आणि माफी मागायला आप्पा नाहीत, योगीराज. चार वर्षांपूर्वी गेले. वर 'सगळं ठीक' लिहिलं तेव्हा हे लिहिण्याचा धीर झाला नाही. तुला कळवायचं कुठे? शेवटपर्यंत म्हणायचे, "माझा चाकू आहे ना त्याच्याकडे, मग येईल."

लढाईच्या चाकूबद्दल ते खोटं बोलत नव्हते. हे मला काल कळलं.

मी ठसा पुसत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. तिने चाकू ओळखला. तो कुठून आला हे विचारलंच नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो खरा नाही. खरा विहिरीत आहे." लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आप्पा इकडे नोकरीला, ती गावी. रहाटाचा दोर कापताना आजोबांचा चाकू हातून सुटला. नवऱ्याला काय सांगायचं या धास्तीने तिने निपाणीच्या बाजारात भंगारवाल्याकडून तसाच काळ्या मुठीचा, सैन्यातून निघालेला चाकू आणला. आप्पांना फक्त स्प्रिंग कडक लागली. ती म्हणाली, गंज चढलाय.

"त्या खंडेनवमीला ते दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि मी खाली मान घालून फुलं लावत राहिले," आई म्हणाली, आणि रडली. मीही रडले. दरवर्षी ती पाटावर विळी आणि पान्याच्या मध्ये जागा मोकळी सोडते आणि तिथे हळद-कुंकू वाहते. मी समजत होते, ते तुझ्यासाठी. ते तुम्हा दोघांसाठी होतं, तुझ्यासाठी आणि आप्पांसाठी.

ती म्हणते, "त्यांना सांगायचं राहून गेलं. याला तरी मला माझ्या तोंडाने सांगू दे." खरं तर हे सगळं मी लिहायला नको होतं. ती सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोयस असं दाखव. मोडलेल्या टोकाच्या वेळी इतकं सराईत खोटं बोलला होतास, तेवढं जमेल तुला.

अनुषाकडे हे पत्र ठेवते. चाकू ठेवत नाही. पुढच्या बुधवारी खंडेनवमी आहे. घर तेच, दार तेच. चाकू पाटावर त्याच्या जागी असेल. तुझ्या हातात कुणी देणार नाही. तुझा तू येऊन उचल.

दार उघडं ठेवून बसलेली,
अक्का