पहिला घास

पिंपळे गुरव, ६ जानेवारी २०२५

चि. भीमराजास, योगिनीमावशीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दापोडी स्टेशनाच्या बाकावर आपण एकच वडापाव वाटून खायचो, आठवतं? वडा तुझा, कोरडा पाव मावशीला. वर म्हणायचास, पाव तब्येतीला बरा. लबाड कुठला.

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो म्हणून तू तो बंद केलास, तर मी पत्र लिहीन. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं माझं तिरकं अक्षर तू ओळखतोस.

तुझी आई म्हणते, कंपनीने घरी बसवलंय, तू गोळी घेत नाहीस, आणि खातोस फक्त केळी नि उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून. काय झालं ते मला कळव.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
योगिनीमावशी

निघोजे, १० जानेवारी

ती. मावशीस, सविनय जयभीम. वि. वि.

जेवणात विष कालवतात, असं माझ्या कानातले आवाज वर्षभर सांगत होते. डॉक्टर म्हणाले, हा आजार बोलतो, तू जेवत जा. मी जेवत होतो. गोळी खिशात नेऊन कंपनीच्या कँटीनमध्ये घ्यायचो, म्हणून आईला कधी दिसली नाही. पुढे मशीनवर उभ्या उभ्या झोप यायला लागली. हात थोडक्यात वाचला आणि सुपरवायझरने घरी पाठवलं.

त्याच दिवशी पाहिलं. आई पोळपाटावर गोळी चुरडून माझ्या आमटीत घालत होती. म्हणाली, "तू घेत न्हाईस ना बाळा, म्हणून."

म्हणजे रोज दोन जात होत्या. आता एकही घेत नाही. मावशी, आवाजच खरे निघाले ना?

माया असू दे,
भीमराज

पिंपळे गुरव, १३ जानेवारी

चि. भीमराजास, जयभीम आणि आशीर्वाद.

पोस्टाची वाट नको म्हणून हे पत्र शेजारच्या नवनाथच्या हाती देते. तो चाकणला शिफ्टला निघालाय. तुझ्या आईला, कस्तुराताईला, फोन केला. ती नुसती रडली, रागवायला जागाच ठेवली नाही. चूक तिची आहे, आणि मोठी आहे. पण आवाज विष म्हणत होते. ताटात तुझंच औषध होतं. एवढा फरक धरून ठेव. उद्या सकाळी मी येते. डॉक्टरांना दोघांसमोर सगळं सांगू. नोकरीचं मला ठाऊक नाही. खोटा धीर देत नाही.

तुझा लोभ धरून बसलेली,
योगिनीमावशी

ता. क. पितळी ताट पाठवते आहे, ते तुम्हा मायलेकांना मिळून एकाच ताटात जेवायला. गोळ्यांची पाकिटं ताईने न फोडता तुला द्यावीत. डॉक्टर सांगतील तेवढी तू तिच्यासमोर घ्यावीस. पोळपाट नवनाथकडे द्या, तो माझ्याकडे राहील. ताटातला पहिला घास ताईचा. दुसरा घ्यायचा की नाही, ते तू ठरव.